कांदळवनातील सजीवांचे अनुकूलन

भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्याखाली जाणाऱ्या व ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खाडीकाठच्या चिखलात वाढणाऱ्या वनास कांदळवन किंवा खारफुटीचे वन म्हणतात. हा पाणथळ प्रदेशाचा एक प्रकार आहे. मुंबई, कोकण व गोवा येथील खाड्यांच्या काठी अशी वने आढळतात. येथील सजीवांपुढे तीन प्रमुख अडचणी असतात : मातीतील प्राणवायूचा अभाव, पाण्यातील मीठ आणि दिवसातून दोन वेळा चढणारे व उतरणारे पाणी. या अडचणींवर मात करण्यास उपयोगी पडणाऱ्या शरीररचनेतील व वर्तनातील वैशिष्ट्यांना अनुकूलन असे म्हणतात.

वनस्पती

श्वसन : खाडीचा चिखल पाण्याने भरलेला असल्याने त्यात हवा खेळत नाही. प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंमुळे तेथे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. चिखलाला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास त्याचाच होय. तिवराची श्वसनमुळे अशा चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात. ओहोटीच्या काळात त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत शिरते व मुळांतील पोकळ्यांमधून खोलवर पोहोचते. पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळे शंकूच्या आकाराची असतात. हा वृक्ष २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित झाला. कांदळाच्या खोडापासून कमानीसारखी आधारमुळे निघतात. ती झाडाला मऊ चिखलात स्थैर्य देतात आणि श्वसनासही साहाय्य करतात.

क्षारनियमन : कांदळाची मुळे पाणी शोषताना बहुतांश मीठ बाहेरच रोखतात. तिवर मात्र आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे त्याच्या पानांवर मिठाचे कण दिसतात व पान चाटल्यास खारट लागते.

पुनरुत्पादन : सुटे बी चिखलात रुजण्यापूर्वीच भरतीबरोबर वाहून जाण्याचा धोका असतो. कांदळाचे बी झाडावर असतानाच अंकुरते. त्याचा लांब, शेंगेसारखा कोंब गळून चिखलात रुततो किंवा तरंगत दूर जाऊन योग्य जागी मूळ धरतो.

प्राणी

निवटी हा मासा असूनही ओहोटीत चिखलावर वावरतो. त्वचा व तोंडाचे अस्तर ओले असेपर्यंत तो त्यांद्वारे हवेतील प्राणवायू घेऊ शकतो. छातीच्या परांचा उपयोग तो पायांसारखा करतो. डोक्यावर उंच असलेल्या डोळ्यांमुळे त्याला चहूकडे पाहता येते. फिडलर खेकडे ओहोटीत चिखलातील सेंद्रिय कण वेचतात व भरतीच्या वेळी बिळात राहतात. त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा व पाणी खेळते, याचा लाभ झाडांनाही होतो.

कांदळवनालगतच्या चिखलपट्ट्यांवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात. वाकडी चोच उलटी पाण्यात धरून ते जिभेने पाणी आत-बाहेर करतात. चोचीतील बारीक पापुद्र्यांच्या गाळणीत शैवाल व सूक्ष्म जीव अडकतात. या पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेली ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

अनुकूलनाच्या मर्यादा

ही सर्व अनुकूलने भरती-ओहोटीच्या नियमित क्रमाशी जुळलेली आहेत. हा क्रम मोडल्यास तीच झाडाच्या मुळावर येतात. श्वसनमुळे राडारोड्याखाली गाडली गेली, तेलाच्या थराने माखली किंवा बांधामुळे पाणी साचून सतत बुडालेली राहिली, तर त्यांची छिद्रे निकामी होतात आणि कुऱ्हाड न लावताही झाड गुदमरून मरते. कांदळवनाचे रक्षण म्हणजे केवळ वृक्षतोडीस बंदी नव्हे. खाडीच्या पाण्याची ये-जा अबाधित राखणेही त्यात अंतर्भूत आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरवला आणि तोडीबरोबरच तेथे राडारोडा व कचरा टाकण्यासही मनाई केली.