तेल अडवणारी कडी

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला काळपट ओघळ दिसला, की मिस्त्री दोनच शब्द बोलतो : ‘सील गेलं.’ हे सील म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसवलेली रबरी कडी. किंमत किरकोळ, पण कोरडे ब्रेक असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये गळणारं तेल थेट ब्रेक लायनरवर जातं. मागे उसानं भरलेली ट्रॉली आणि पुढे उतार असेल, तर ही कडी जिवाशी येते.

प्रश्न चाकाइतकाच जुना आहे. दांडा फिरला पाहिजे, पण वंगण आत राहिलं पाहिजे. बैलगाडीनं तो सोडवलाच नाही. वंगण गळायचं, गाडीवान पुन्हा घालायचा. सुरुवातीच्या यंत्रांनी दोरी, नमदा, चामडं असं काहीबाही गुंडाळून वेळ मारून नेली.

उत्तर सापडलं ते कातडी कमावणाऱ्यांकडे. जर्मनीतल्या वाइनहाइम गावात 1849पासून फ्रॉइडेनबर्ग यांचा चामड्याचा कारखाना होता. जागतिक मंदीच्या तोंडावर, 1929मध्ये, त्यांनी चामड्याची सीलं करायला घेतली. 1932मध्ये तिथल्या वाल्टर सिमर या इंजिनिअरनं धातूच्या कड्यात चामड्याची ओठासारखी कड बसवली. तिला नाव पडलं ‘सिमररिंग’. 1936मध्ये चामड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. अमेरिकेत हेच काम करणाऱ्या कंपनीचं नावच होतं ‘शिकागो रॉहाइड’, म्हणजे कच्चं कातडं.

चामड्यानं पातळ पदार्थ अडवायची विद्या आपल्याकडेही होती. विहिरीवरची मोट हा तिचाच पुरावा. कातडी कमावणारे ढोर आणि शिवणारे चांभार यांच्या हातात ते कसब होतं. मोटेनं उपसलेलं पाणी चालायचं. मोट करणाऱ्याचा स्पर्श मात्र चालत नसे. वाइनहाइममध्ये त्या विद्येतून कारखाना वाढला, इथे तिच्या वाट्याला बलुतं आणि विटाळ आला. फरक हातांत नव्हता.

मग 1959मध्ये फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला, 1963मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी केली. तोवर सील रबराचं झालं होतं. ते बदलण्याची विद्या गावोगावच्या मिस्त्रींनी काम करता करता कमावली. चांगला मिस्त्री नवं सील ठोकण्याआधी शाफ्टवर नख फिरवून बघतो. जुन्या सीलच्या कडेनं तिथे खाच पाडली असेल, तर नवंही गळणार. मग शाफ्टवर पातळ बाही चढवायची, किंवा सील किंचित आतबाहेर बसवायचं. हवेचं भोक, म्हणजे ब्रीदर, चिखलानं बुजलंय का तेही तो पाहतो. कारण आत कोंडलेला दाब तेलाला कडेतून बाहेर ढकलतो. सीलच्या स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची आणि कडेला तेल लावूनच ते बसवायचं.

कडेला तेल का, याचा उलगडा प्रयोगशाळेत बराच उशिरा झाला. 1957मध्ये ई. टी. जॅगर या संशोधकानं दाखवलं, की रबराची कड शाफ्टला कोरडी टेकतच नाही. मधे तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो नसेल तर कड घासून जळते, आणि जाड झाला तर ओघळ सुरू होतो. तेल अडवणाऱ्या कडीला जगण्यापुरतं तेल लागतंच.