समासाचा सांधा
नॉर्वे देश १३८० पासून १८१४ पर्यंत डेन्मार्कच्या राजाशीं जोडलेला होता. तें नातें तुटलें, परंतु लिहिण्याची भाषा डॅनिशच राहिली. ईवार ओसेन या शेतकरीपुत्रानें खेडोपाडीं हिंडून बोली टिपल्या. १८४८ सालीं त्यांचें व्याकरण व १८५० सालीं कोश प्रसिद्ध केला. १८८५ सालीं संसदेनें त्याच्या भाषेस डॅनिश वळणाच्या भाषेइतकाच मान दिला. एका राष्ट्राच्या दोन लेखनभाषा झाल्या. समासाविषयीं मात्र दोहोंचें एकमत आहे.

समास सलग लिहावयाचा, व लिंग शेवटच्या पदाचें, संस्कृत तत्पुरुषाप्रमाणेंच. खरी मौज सांध्यांत आहे. 'नात्त' म्हणजे रात्र, 'तोग' म्हणजे आगगाडी. जोडतांना रोमन लिपींत तीन 'त' लागोपाठ येतात, म्हणून एक गाळतात. पण ओळीच्या अखेरीस शब्द तोडावा लागला, कीं गाळलेला 'त' निमूटपणें परत येतो!

'लाम' म्हणजे कोकरूं, 'लोर' म्हणजे मांडी. मध्यें 'ए' येऊन 'लाम्मेलोर', कोकराची तंगडी. अलीकडे पदें सुटीं लिहिण्याची खोड पसरली आहे. इंग्रजीच्या संसर्गानें, असें म्हणतात. भाषेचे अभिमानी तिजवर चिडतात, तें रास्तच आहे. 'लाम्मे लोर' असें तोडलें, तर खाटकाच्या पाटीवर लुळ्या मांड्या विकावयास असतात.