हट्टी फाइल : नाम आणि लिपी यांच्या इतिहासातील एक प्रकरण

सीपीएम या कार्यप्रणालीच्या जुन्या डिस्क हाताळणाऱ्यास कधी कधी एक चमत्कारिक अनुभव येतो. डिस्कवरील फाइलींची यादी मागविली असता तीत एखादे नाव स्पष्ट दिसते. पण त्याच नावाने ती फाइल पुसण्याची आज्ञा दिली की, 'अशी फाइल नाही' असे उत्तर मिळते. अशा फाइलीस हट्टी म्हणणे सोपे आहे. परंतु हा हट्ट फाइलीचा नसून दोन आज्ञावलींच्या वर्णमालांतील विसंवादाचा आहे, असे विचारान्ती दिसून येते.

गॅरी किल्डॉल यांनी ही प्रणाली १९७४ मध्ये सिद्ध केली. तत्पूर्वी १९६३ च्या आस्की संकेतप्रमाणात रोमन लिपीची केवळ मोठी अक्षरे होती; लहान अक्षरांना १९६७ च्या सुधारित आवृत्तीत स्थान मिळाले. मॉडेल ३३ या प्रचलित दूरमुद्रकावर तर मोठीच अक्षरे उमटत. या परंपरेशी सुसंगत असेच सीपीएमच्या आज्ञा-वाचकाचे वर्तन होते : टंकलिखित झालेले प्रत्येक लहान अक्षर तो मोठे करून घेई. माणसाला मोठा 'ए' आणि लहान 'ए' ही एकाच वर्णाची दोन रूपे वाटतात. यंत्राच्या लेखी ती ६५ आणि ९७ अशी दोन भिन्न चिन्हे होत. मायक्रोसॉफ्टची एमबेसिक मात्र नाव दिले तसेच नोंदवी. परिणामी लहान अक्षरांत नोंदलेले नाव आज्ञा-वाचकाला जणू उच्चारताच येत नसे.

यावर उपाय दोन. एक, एमबेसिकमध्ये परतून तिच्या 'किल' आज्ञेने तेच नाव लहान अक्षरांत देणे. म्हणजे ज्या भाषेत नामकरण झाले त्याच भाषेत हाक मारणे. दुसरा, 'इरा' या आज्ञेत अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हे योजणे. कारण प्रश्नचिन्ह कोणत्याही अक्षराशी जुळते. परंतु चार प्रश्नचिन्हे दिली असता त्याच प्रकारच्या, चार वा त्याहून कमी अक्षरे असलेल्या साऱ्याच फाइली पुसल्या जातात. सर्वच फाइली पुसावयाच्या असतील तेव्हाच २.२ आवृत्ती संमती विचारते; एरवी नाही. म्हणून आधी त्याच चिन्हांनी यादी मागवून पाहणे इष्ट.

शिवाय 'पुसणे' येथे नावापुरतेच असते. ३२ बाइटांच्या नोंदीतील पहिल्या बाइटात २२९ ही संख्या लिहिली जाते. मजकूर मात्र ती जागा पुन्हा वापरली जाईपर्यंत तसाच राहतो.

देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, म्हणून आपण या प्रश्नातून मुक्त आहोत असे मात्र नव्हे. युनिकोडमध्ये 'ॲ' हा वर्ण एका संकेताने लिहिता येतो, तसाच 'अ' आणि त्यावरील चंद्र अशा दोन संकेतांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एकाने दुसरा सापडेलच असे नाही. मराठीचे संगणकीय शब्दसंग्रह सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाने म्हणूनच डोळ्यांच्या साक्षीवर विसंबू नये. शब्द सापडला नाही, एवढ्यावरून तो भाषेत नाही असा निष्कर्ष काढणे, हे त्या आज्ञा-वाचकाचीच चूक पुन्हा करणे होय.