‘लाइफटाइम’ नेमकं कोणाचं? सिम सोडण्याच्या हक्काची गोष्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज तुमच्या खिशातल्या सिमकार्डाचा इतिहास. कंपनीने मध्येच अटी बदलल्या तर आपण काय करू शकतो, आणि ते करण्याचा हक्क आपल्याला कधी आणि कसा मिळाला, एवढाच विषय. पण सुरुवात घरातून करतो.

माझ्या बाबांचं तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. २००६ मध्ये त्यांनी मोबाइल घेतला आणि जवळजवळ हजार रुपये एकरकमी भरून ‘लाइफटाइम’ प्लॅन घेतला. मी तेव्हा तिसरीत होतो. तो नंबर दुकानाच्या पाटीवर रंगवला गेला. दुरुस्त झालेली मोटार परत गेली की बाबा शेतकऱ्याच्या स्टार्टरच्या पेटीवरही मार्करने नंबर लिहायचे. मोटार जळली की फोन येणार तो त्याच नंबरवर. म्हणजे तो नंबर हाच आमचा धंदा.

आता हजार रुपये कशासाठी, हे कळायला थोडं मागे जाऊ. ३१ जुलै १९९५ ला भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले, दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी. त्या काळी कॉल मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जायचा आणि गंमत म्हणजे इनकमिंगलाही पैसे पडायचे. १९९७ मध्ये ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, स्थापन झालं. मग मे २००३ पासून ‘कॉल करणाऱ्याने पैसे भरायचे’ ही पद्धत आली आणि इनकमिंग फुकट झालं. ‘मिस्ड कॉल दे’ ही आपली राष्ट्रीय सवय खरी बहरली ती त्यानंतर.

२००५ च्या शेवटी कंपन्यांनी लाइफटाइम प्लॅन काढले. एकदाच पैसे भरा, नंतर इनकमिंग कायम चालू. बाबांसारख्या माणसाला हे वरदानच होतं, कारण त्यांना फोन करायचे नव्हते, यायला हवे होते.

पण ‘लाइफटाइम’ म्हणजे कोणाचं लाइफ? ट्रायने मार्च २००६ च्या आदेशात याचं उत्तर दिलं. लाइफटाइम म्हणून विकलेला प्लॅन कंपनीचं सध्याचं किंवा नूतनीकरण झालेलं लायसन्स चालू आहे तोवर द्यावाच लागेल. म्हणजे लाइफ ग्राहकाचं नाही, लायसन्सचं! त्याआधी २००४ मध्ये आणखी एक संरक्षण आलं होतं: ग्राहकाने प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्याच्या तोट्याचा बदल कंपनीला करता येणार नाही.

तरी एक मोठी अडचण होतीच. कंपनी आवडली नाही तर सोडायची कशी? सोडता यायची, पण नंबरही जायचा. आमच्यासाठी याचा अर्थ कितीतरी विहिरींवरच्या पेट्या पुन्हा रंगवायच्या. सॉफ्टवेअरवाले याला लॉक-इन म्हणतात. दार उघडं असतं, पण बाहेर पडायचं तर सामान आत ठेवून.

यावर उपाय म्हणजे नंबर पोर्टेबिलिटी. २५ नोव्हेंबर २०१० ला ती हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर. यामागची टेक्निकल आयडिया साधी आहे. पूर्वी नंबरचे सुरुवातीचे आकडे बघून कॉल कुठल्या नेटवर्कवर पाठवायचा ते ठरायचं. पोर्टेबिलिटीत मधे एक डेटाबेस आला. कॉल लावताना आधी तिथे विचारायचं की हा नंबर सध्या कोणाकडे राहतो. थोडक्यात, नंबर हे नाव झालं आणि नेटवर्क हा पत्ता. पत्ता बदलला तरी नाव तेच. सुरुवातीला हे आपल्याच सर्कलपुरतं होतं. जुलै २०१५ पासून महाराष्ट्रातला नंबर दिल्लीत नेऊन तिथली कंपनी घेता येऊ लागली.

आता २०१८ चा शेवट. मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बाबांच्या फोनवर इंग्रजीत मेसेज आला: रिचार्ज करा, नाहीतर सेवा बंद होईल. अनेक कंपन्यांनी तेव्हा महिन्याचा किमान रिचार्ज आणला होता, साधारण ३५ रुपये, २८ दिवसांसाठी. २८ दिवस म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज. बाबांनी फोन करून विचारलं, “अरे, मी लाइफटाइमचे पैसे भरलेत ना?” मी म्हणालो, “बाबा, सगळ्यांचंच तसं झालंय, रिचार्ज करून टाका.”

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. २००६ चा आदेश मला माहीतच नव्हता. निदान तक्रार करून कंपनीला उत्तर तरी मागता आलं असतं. त्याच नोव्हेंबरात ट्रायने कंपन्यांना बजावलं होतं की ज्यांच्या खात्यात पुरेसा बॅलन्स आहे त्यांची सेवा तोडू नका आणि पर्याय स्पष्ट कळवा. तेही आम्हाला कळलं नाही.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दर वाढले. बाबा म्हणाले, “आता बास, सोडू ही कंपनी.” मी पोर्टचा एसएमएस पाठवला, तो गेलाच नाही. का? तर सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये एसएमएसच नव्हता. म्हणजे कंपनी सोडण्यासाठी आधी त्याच कंपनीचा महागडा रिचार्ज मारायचा! असे आम्ही एकटे नव्हतो. ७ डिसेंबर २०२१ ला ट्रायने आदेश काढला की कुठलाही प्लॅन असो, १९०० वर पोर्टचा एसएमएस गेलाच पाहिजे. त्यानंतर आमचा गेला आणि नंबर वाचला.

तुमच्यावर वेळ आली तर लक्षात ठेवा. पोर्ट हा शब्द इंग्रजी कॅपिटलमध्ये, मग स्पेस, मग दहा आकडी नंबर, आणि पाठवा १९०० वर. आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण हवेत, पोस्टपेडची थकबाकी नको. उरलेला बॅलन्स सोबत येत नाही, तो आधी संपवा.

अटी बदलल्याची तक्रार असेल तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जा आणि डॉकेट नंबर घ्या. तिथे नाही जमलं तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही. पण ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने तो बंद झाल्यासारखा होता, फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो मोकळा आहे असं स्पष्ट केलं.

आज बँकेचा ओटीपी, आधार, यूपीआय सगळं त्या दहा आकड्यांना बांधलेलं आहे. म्हणून आपल्या देशात मोबाइलचा करार मोडण्याचा खरा हक्क म्हणजे नंबर घेऊन उठून जाण्याचा हक्क.

परवा गावी गेलो होतो. एका विहिरीवर जुनी, गंजलेली स्टार्टरची पेटी दिसली. मार्कर फिकट झालाय, पण नंबर वाचता येतो. मी लावून बघितला. बाबांनी उचलला.

भेटू पुढच्या भागात!