व्याकरण ठरवायचे कोणी?

संगणकाच्या पडद्यावर आपण एखादे पान उघडतो, तेव्हा मजकुरामागे आणखी एक भाषा काम करत असते. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, असे सांगणाऱ्या खुणांची ही भाषा म्हणजे एचटीएमएल. त्या खुणा वाचून पान मांडतो तो ब्राउझर. लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे व्याकरण एकच हवे, हे उघड आहे. पण ते ठरवायचे कोणी?

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली पहिला ब्राउझर लिहिला. त्यांनी एक शहाणा नियम घालून दिला: खूण कळली नाही तर ती सोडून द्यावी, मजकूर मात्र दाखवावा. १९९३ मध्ये मोझॅक ब्राउझरच्या मार्क अँड्रीसन यांनी चित्रासाठी खूण सुचवली. चर्चा चालू असतानाच ती वापरातही आली. पुढे नेटस्केपने लुकलुकणारी अक्षरे आणली, तर मायक्रोसॉफ्टने सरकणाऱ्या ओळी. प्रमाणभाषा ठरवण्यासाठी १९९४ साली 'डब्ल्यूथ्रीसी' ही संस्था निघाली. पण १९९७ चे तिचे ३.२ हे प्रमाण म्हणजे बव्हंशी रूढ झालेल्या गोष्टींची नोंदच होती.

२००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती आली. स्पर्धक उरला नाही, तशी सुधारणाही थांबली. सातवी आवृत्ती यायला २००६ उजाडले. त्या काळातली काही मराठी संकेतस्थळे मला आठवतात. एका ब्राउझरमध्ये स्वच्छ मराठी दिसे, दुसऱ्यात त्याच पानावर रोमन अक्षरांचा काला!

दरम्यान डब्ल्यूथ्रीसीने एक्सएचटीएमएल ही कडक शिस्तीची भाषा पुढे आणली. एक चूक झाली तरी पान नाकारावे, असा तिचा दंडक. व्यवहाराला तो मानवला नाही. २००४ साली अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी वेगळा गट काढला. चुकलेले पानही सर्व ब्राउझरांनी सारखेच कसे वाचावे, हे त्यांनी लिहून काढले. त्यातून घडलेल्या एचटीएमएल ५ ला २०१४ मध्ये प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. २०१९ मध्ये दोन्ही बाजूंनी एकाच प्रमाणावर काम करण्याचा करार केला.

म्हणूनच अगदी आरंभीची पाने आजही उघडतात. मात्र आज क्रोम, एज आणि ऑपेरा एकाच क्रोमियमच्या पायावर उभे आहेत. फायरफॉक्स आणि सफारी यांनी आपला वेगळा पाया राखला आहे. प्रमाण कागदावर असून भागत नाही, ते निरनिराळ्या हातांनी पाळले जावे लागते. २००१ नंतरच्या पाच वर्षांनी शिकवलेला हा धडा विसरून चालणार नाही.