वाचता येईल एवढं छोटं कर्नेल

आजचा विषय आहे कर्नेल. सैन्यातला कर्नल नव्हे बरं का! फोनवर गाणं चालू असतानाच मेसेजही येतो, तो या कर्नेलच्या जिवावर. प्रोसेसरवर पाळी कोणाची, मेमरीतली कोणती जागा कोणाची, हे सगळं हाच प्रोग्रॅम ठरवतो.

बीटेकला हा विषय मी पाठ करून पास झालो. 'राउंड रॉबिन म्हणजे काय' याची व्याख्या लिहिली, मार्क मिळाले. पण चालू प्रोसेस थांबवून दुसरी सुरू नेमकी होते कशी, ते कोडमध्ये कोणी दाखवलं नाही. म्हणून गेल्या वर्षी स्वतःच एक छोटं कर्नेल लिहायला बसलो. तेव्हा कळलं, की एकेकाळी हे दाखवायलाच बंदी होती.

गोष्ट सिडनीची. न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स शिकवायचे. बेल लॅब्जच्या युनिक्सची सहावी आवृत्ती १९७५ साली आली होती. तिचं कर्नेल १० हजार ओळींच्याही आत. लायन्स यांनी ते अख्खं वर्गात वाचायला घेतलं. एका पुस्तिकेत कोड, दुसरीत त्याचं स्पष्टीकरण.

पण युनिक्समध्ये पैसा आहे, हे एटी अँड टी कंपनीच्या लक्षात आलं. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या लायसन्समध्ये अट आली: कोड वर्गात शिकवायचा नाही. मग काय, लायन्सची पुस्तकं झेरॉक्सची झेरॉक्स होत हातोहात फिरली. रीतसर छापली गेली ती थेट १९९६ मध्ये!

तिकडे ॲमस्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकांचीही हीच अडचण. त्यांनी एटी अँड टीची एकही ओळ न घेता मिनिक्स लिहिलं आणि १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकातच त्याचा कोड छापला. ते पुस्तक हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचलं. मिनिक्स वापरतच त्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं. तुमचा फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या आत आज तेच लिनक्स आहे.

मी आधाराला घेतलं एक्सव्ही६. एमआयटीने २००६ मध्ये शिकवण्यासाठी सहाव्या युनिक्सची ही नवी आवृत्ती लिहिली. तिचा कोड सगळ्यांना खुला.

माझ्या कर्नेलमध्ये दोन प्रोसेस होत्या. एकीने 'ए' छापायचा, दुसरीने 'बी'. पण एक 'ए' आला, की सगळं ठप्प. तीन रात्री गेल्या. शेवटी एक्सव्ही६चा तोच भाग ओळीओळीने वाचला. जुन्या प्रोसेसचे १४ रजिस्टर जपून ठेवायचे, नव्या प्रोसेसचे भरायचे, बस्स! मी स्टॅक पॉइंटर चुकीच्या जागी ठेवत होतो. दुरुस्त केलं आणि स्क्रीनवर ए-बी-ए-बी सुरू. एकटाच हसत बसलो.

गंमत म्हणजे सहाव्या युनिक्समध्ये नेमक्या याच कामाच्या कोडजवळ एक कॉमेंट आहे: हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. डेनिस रिची यांनी पुढे खुलासा केला, की त्याचा अर्थ 'हे परीक्षेला येणार नाही' असा होता.

मलाही ते परीक्षेला आलं नव्हतंच. म्हणून म्हणतो, एक्सव्ही६ डाउनलोड करा आणि रोज एक फाइल वाचा. सगळं नाही कळलं तरी चालेल. आपल्याला वाचता यावं म्हणून कोणीतरी ते मुद्दाम छोटं ठेवलंय.

भेटू पुढच्या भागात!