कुलपाकडून विलीनीकरणाकडे : कार्यप्रतीच्या स्वायत्ततेचा इतिहास

एकच आज्ञावली अनेकांनी लिहावयाची, तर ती एका वेळी कोणाच्या हाती असावी, हा आवृत्ती-नियंत्रण प्रणालींच्या इतिहासातील मूळ प्रश्न होय. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी रचलेल्या 'एससीसीएस'मध्ये आणि पुढे वॉल्टर टिची यांच्या 'आरसीएस'मध्ये फाइल दुरुस्तीसाठी घेताच तिला सर्वसाधारणपणे कुलूप लागे. इतरांना थांबावे लागे. ॲमस्टरडॅम येथील अध्यापक डिक ग्रून १९८४-८५ मध्ये दोन विद्यार्थ्यांसह सी भाषेचा कंपायलर रचत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. या अडचणीतूनच 'सीव्हीएस'चा उगम झाला. प्रत्येकाने आपल्या स्वतंत्र फोल्डरमध्ये, म्हणजेच कार्यप्रतीत, काम करावे आणि बदल नंतर एकत्र जुळवावेत, हे तिचे सूत्र होते. तथापि बदलांचा इतिहास मध्यवर्ती संग्रहातच राहिला. २००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या 'गिट'ने तो संपूर्ण इतिहासच प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये आणला. या स्वायत्ततेसोबत जबाबदारीही आली. नोंद न केलेला बदल फोल्डर पुसताच नाहीसा होतो. कोणताही संग्रह तो परत देऊ शकत नाही. सारांश, कुलूप गेले, तरी नोंदीची शिस्त अनिवार्यच राहिली.